४८ हजारांचा दाखला चालतो, एजंटला सांग

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही मराठवाड्यातल्या एका खेड्यात राहतो. घरात सासूबाई (वय ६८), माझे मालक, धाकटे भाऊजी, मी आणि दोन लेकरं. शेती नाही. मालक सुगीत आडतीवर हमाली करतात, एरवी मिळेल ते काम. मी खुरपायला जाते. भाऊजी ३४ वर्षांचे आहेत. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले, हातावर सरकत चालतात. सिव्हिलचं २००९ सालचं ७० टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे, पण आजवर एक रुपया मिळालेला नाही. यंदा उत्पन्नाचा दाखला काढला तर त्यावर ४८ हजार लिहून आलं. गावात एक जण अशी कामं करतो. तो म्हणाला, मर्यादा २१ हजारांची आहे, तुमचं बसत नाही. पाच हजार द्या, २१ हजारांचा दाखला काढून फाईल मंजूर करून आणतो. मालक व्याजानं पैसे काढायला निघालेत.

सासूबाईंचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे, त्यांना महिना दीड हजार येत होते. गेल्या वर्षीपासून बंद झाले. तहसीलवाले म्हणतात, "पैसे पडतायत, बँकेत विचारा." बँकवाले म्हणतात, "आलेच नाहीत, तहसीलला विचारा." मध्यंतरी शाळेत कॅम्प लागला होता, तिथं अंगठा लावून त्यांचं शून्य रकमेचं खातं उघडून दिलं होतं, तेवढंच. बाकी काही बदललेलं नाही. आता सासूबाई म्हणतात, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, पण कुणापुढं हात पसरला नाही. आता भीक मागायला तहसीलची पायरी चढणार नाही." आणि या दोघांचं सुरू झालं तर माझे लाडक्या बहिणीचे पैसे बंद होतील, असं बायका म्हणतात. खरं का? पहिलं काय करू?

उत्तर:

ताई म्हणालीस, तेव्हा मी अगं-तुगं करणार. पहिलं काम हे, की नवऱ्याला सावकाराच्या दारातून परत आण. बाकीचं सगळं नंतर.

मी तहसीलमध्ये अव्वल कारकून होते. त्यातली काही वर्षं संगांयोच्या टेबलावर गेली, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेच्या. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन दोन ठिकाणी खुणा केल्या: '४८ हजार' आणि 'शाळेतला कॅम्प'. तुझ्या दोन्ही कुलपांच्या किल्ल्या तूच पत्रात लिहून पाठवल्या आहेस.

आधी भाऊजींचं बघू. संजय गांधी निराधारमध्ये २१ हजारांची मर्यादा खरी आहे, पण ती इतरांसाठी. दिव्यांग अर्जदाराला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. तुझा दाखला ४८ हजारांचा. म्हणजे तो जसा आहे तसा, शिक्क्यासकट, चालतो. तुझ्या गावातल्या त्या माणसाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ज्याला दाराला कडी नाही हे माहीत असतं, तोच कुलूप तोडून देण्याचे पैसे मागतो.

आता या २१ हजारांबद्दल थोडं बोलते, कारण माझी ती जुनी भळभळती जखम आहे. २१ हजार वर्षाला म्हणजे महिन्याला १७५० रुपये, आणि तेही एका माणसाचे नाहीत, अख्ख्या घराचे. मी टेबलावर असताना रोज ढिगानं दाखले बघायची. कुणाचं उत्पन्न २० हजार, कुणाचं साडेवीस, कुणाचं बरोब्बर २१. जणू सगळ्या तालुक्याची कमाई तिथं येऊन ब्रेक लावून उभी राहिलेली. हे खरं नाही हे तलाठ्याला माहीत, मला माहीत, अर्जदाराला तर माहीतच. पण तो आकडा नसला तर म्हातारीची फाईल पुढं सरकत नसे. गरिबाला खोटं लिहायला लावायचं आणि मग त्या खोट्याचा भाव कुणीतरी वसूल करायचा, असा तो धंदा. ही मर्यादा कधीच वाढायला हवी होती. तुझ्या बाबतीत मात्र खरा दाखला हाताशी असताना खोट्याच्या वाटेला जाऊच नकोस. पडताळणीत खोटा दाखला सापडला तर अनुदान बंद होतंच, शिवाय दिलेले पैसेही परत मागतात. तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

ही योजना १९८० ची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. निराधार, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण असे बरेच जण तिच्यात बसतात. वय १८ पासून ६५ पर्यंत. ६५ नंतर श्रावणबाळ, सासूबाईंना येत होती ती. महिन्याची रक्कम १५०० आहे, पण दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ती २५०० केली आहे. म्हणजे एजंट मागतोय ती रक्कम भाऊजींच्या दोन महिन्यांची आहे. नवऱ्याला हा हिशेब सांग.

अट एवढीच, की दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं आणि राज्यात १५ वर्षं वास्तव्य हवं. भाऊजींचा जन्मच गावातला, शाळेचा दाखला असेल तर तो काढून ठेव. अडणार आहे ते २००९ चं सर्टिफिकेट. तो कागद आता कुठल्याही टेबलावर पुरत नाही, यूडीआयडी मागतात. म्हणजे स्वावलंबन कार्ड, दिव्यांगांचं ओळखपत्र. मोबाईलवरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून स्वावलंबनच्या पोर्टलवर नोंदणी करायची, जुनं सर्टिफिकेट जोडायचं, आणि सिव्हिलला बोलावलं की भाऊजींना घेऊन जायचं. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचे वार ठरलेले असतात. आदल्या दिवशी चौकशी न करता जाऊ नकोस. हातावर सरकणाऱ्या माणसाला एसटीत चढवून नेणं आणि "हाडाचे डॉक्टर परवा येतील" ऐकून परत आणणं काय असतं, ते तुला सांगायला नको. कार्ड येतं ते रंगावरून ओळखतात: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ८० पर्यंत पिवळं, ८० आणि वर निळं. ७० टक्केच ठरले तर पिवळं येईल.

आणि ते जुनं सर्टिफिकेट लॅमिनेट केलं नसशील तर आता करू नकोस. केलं असशील तर आहे तसं ने. माझ्या टेबलावर एक बाप असाच कागद घेऊन आला होता. पोराचा कागद खराब होऊ नये म्हणून त्यानं बाजारात वीस रुपये देऊन लॅमिनेशन करून घेतलं होतं. उष्णतेनं डॉक्टरांच्या सहीची शाई उडाली. राहिली फक्त टक्केवारी, आणि ती कुणी दिली हे सांगायला खाली कोणीच नाही. तो कागद त्यानं तीन पदरी पिशवीत घालून आणला होता.

कार्ड हातात आलं की अर्ज. महा ई-सेवा किंवा आपले सरकार केंद्रात फीचा फलक लावलेला असतो, तेवढीच फी द्यायची आणि पोच घ्यायची. पोचेवर अर्जाचा क्रमांक असतो, त्याचा त्याच दिवशी फोटो काढ. पुढं फाईल तहसीलला जाते आणि तालुका समितीच्या बैठकीत ठरते. तहसीलदार त्या समितीचे सचिव. बैठक वेळेवर झाली तर ठीक, नाही तर महिने जातात. एजंट "मंजूर करून आणतो" म्हणतो ते याच्या जोरावर: बैठक व्हायचीच असते, झाली की हा सांगतो मी केली. फाईल नामंजूर झाली तर कारण लेखी माग. तोंडी ऐकून परत येऊ नकोस. लेखी देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला त्याची दहा रुपये फीही लागत नाही. त्यानंही हललं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकशाही दिन असतो. पण मला वाटतं, तुला तिथवर जावं लागणार नाही.

यूडीआयडी झालं की आणखी दोन-तीन गोष्टी त्याच्या मागोमाग येतात, त्या कुणी आपणहून सांगत नाही. एसटीच्या तिकिटात भाऊजींना ७५ टक्के सवलत. आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाला (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी, नावं मोठी झाली, टेबल तेच आहे) विचार, की दिव्यांगांच्या यादीत भाऊजींचं नाव आहे का आणि गेल्या वर्षी ते पाच टक्के कशावर खर्च झाले. ग्रामसभेत उभं राहून विचारलंस तर जास्त बरं. बऱ्याच गावांत ते पैसे कशावर जातात हे मी इथं लिहीत नाही.

आता सासूबाई. तहसील म्हणतं पैसे पडतात, बँक म्हणते आले नाहीत. तुला वाटलं दोघं टोलवतायत. माझ्या मते दोघंही खरं बोलतायत.

पूर्वी तहसीलमधून बँकेत याद्या जायच्या, खाते क्रमांकासकट. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे डीबीटीनं जातात, म्हणजे खाते क्रमांक बघून नाही, तर आधार बघून. आणि डीबीटीसाठी आधार एका वेळी एकाच खात्याला जोडलेला असतो. सगळ्यात शेवटी ज्या बँकेनं जोडून घेतला, पैसा त्या बँकेकडे वळतो. सासूबाईंनी शाळेतल्या कॅम्पात अंगठा लावला ना? तिथंच आधारचा सांधा बदलला असणार. जुन्या पासबुकात नोंद नाही म्हणून बँकवाला खरा, आणि पैसे सुटलेत म्हणून कारकूनही खरा. पैसे त्या 'शून्य रकमेच्या' खात्यात पडून असावेत, आणि ते खातं आता शून्याचं नसावं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या वाड्यातल्या एका आजींचं हेच झालं. नऊ महिने त्या बँकेच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि परत यायच्या. मलाही त्यांनी विचारलं, आणि मी जुन्या सवयीनं म्हटलं, "निधी आला नसेल, येईल." टेबल सुटलं तरी तोंडातलं टेबल सुटत नाही. शेवटी त्यांच्या नातवानं मोबाईलवर आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग'ची स्थिती, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलाय ते बघितलं, तर तिथं वेगळ्याच बँकेचं नाव. तिथं जाऊन पासबुक भरलं तर १३,५०० रुपये. आजी माझ्याकडं पेढा घेऊन आल्या. मला तो गिळवेना.

तेव्हा तूही तेच कर. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो नंबर बंद पडला असेल तर कॅम्पातल्या बँकेतच थेट जा. पैसे सापडले तर काढून घ्या. पुढं जुन्याच बँकेत हवे असतील तर जुन्या बँकेत आधार जोडण्याचा संमतीचा फॉर्म भरून द्या. दोन गोष्टी मात्र बघून घे. आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का. आपल्याकडे एका कागदावर 'बाई' लागते, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर माहेरचं आडनाव असतं. आणि यंदाचा हयातीचा दाखला दिलाय का. तो राहिला असेल तरीही पैसे थांबतात. खुरपून, खडी फोडून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. मग आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्यानं द्यायचे किंवा डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगायचं. "अंगठा उमटत नाही" हे कुणाला नाही म्हणायचं कारण होऊ शकत नाही.

नवीन पासबुक भरलंस की कदाचित २०० आणि १३०० अशा दोन नोंदी दिसतील. घाबरू नकोस. यादीत नाव असल्यानं त्यांचे २०० केंद्राचे, बाकी राज्याचे. केंद्राची ही योजना १९९५ ची, ७५ रुपयांवर सुरू झाली होती. साठ ते एकोणऐंशी वयाला केंद्र आजही २०० च देतं. दोनशे रुपयांत आज काय येतं ते तुला बाजारात जाऊन कळतं, दिल्लीला कळायला वेळ लागतो.

सासूबाईंचं भिकेचं वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. त्यांना समजावायला जाऊ नकोस, त्या तुझ्यापेक्षा जास्त जाणतात. त्यांना एवढंच सांग, की उत्तर लिहिणाऱ्या बाईला दर महिन्याला सरकारचं पेन्शन येतं. मी पंख्याखाली बसून फायली सरकवल्या त्याचं. त्याला कुणी भीक म्हणत नाही, मीही म्हणत नाही. बहात्तर साली त्या तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या असतील. त्यांनी फोडलेल्या खडीचे रस्ते झाले, त्या रस्त्यांवरून आम्ही बदलीच्या गावाला गेलो. मजुरी मिळाली ती त्या आठवड्याची. पाठ आणि गुडघे आयुष्यभराचे दिले, त्याचं काही मिळालं नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपण, आजारपण, अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळावं असं लिहून ठेवलंय. मार्गदर्शक तत्त्व आहे ते, त्यावर कोर्टात भांडता येत नाही, हेही खरं. पण लिहिणाऱ्यांनी 'साहाय्य' लिहिलं, 'भिक्षा' नाही.

शिवाय त्यांचा राग तहसीलवर कशापायी आहे, ते पत्रात नाही, पण मला अंदाज आहे. कुणीतरी टेबलावरून मान वर न करता बोललं असणार. मीही बोललेय तसं. दुपारी दोनला, चाळीस माणसं पुढ्यात असताना, एका म्हातारीला "आजी, सारखं सारखं येऊ नका" म्हणालेय. त्या पुन्हा आल्याच नाहीत. चार महिन्यांनी त्यांची फाईल हयातीच्या दाखल्यावाचून बंद झाली, बंद करणारीही मीच.

राहिलं तुझं. बायका म्हणतात ते अर्धवट आहे. लाडकी बहीणची अट अशी, की तीच बाई दुसऱ्या योजनेतून दीड हजार किंवा जास्त घेत असेल तर दोन्ही मिळत नाहीत. सासूला श्रावणबाळ, दिराला निराधार आणि सुनेला लाडकी बहीण, यात अडचण नाही. घराचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, ते आहेच. तुझं ई-केवायसी झालंय का एवढं बघ. बंद पडलं तर त्यानं पडेल.

रेशनचं तू काही लिहिलं नाहीस. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी पाच किलो, म्हणजे तुम्हा सहा जणांचं तीस किलो होतं. अंत्योदयचं असेल तर कार्डामागं पस्तीस. लेकरांची आणि भाऊजींची नावं कार्डावर चढलेली आहेत का, एवढं आजच बघ. भाऊजींचं नाव नसलं तर यूडीआयडीच्या आधी ते काम.

कामाचा क्रम असा धर. या आठवड्यात बँक, कारण तिथं पैसे तयार असण्याची शक्यता आहे आणि भाऊजींच्या येण्याजाण्याचा खर्च त्यातून निघेल. मग स्वावलंबनची नोंदणी. मग सिव्हिल. मग अर्ज. सासूबाईंना तहसीलची पायरी चढावी लागणार नाही, ते तू आणि मालक बघा. बँकेत मात्र त्यांनाच न्यावं लागेल, अंगठा त्यांचाच लागतो. जुनं पासबुक, आधार आणि कॅम्पात जो काही चिटोरा दिला असेल तो, असं सगळं एका पिशवीत टाक. चिटोरा सापडत नसेल तर देव्हाऱ्याच्या मागं किंवा पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली बघ, आमच्या आजींचा तिथंच होता.